बापाचं मत

शिंप्याची थोरली लेक शेअर बाजारावरचा एक ऑनलाइन गट सांभाळत होती. सहा हजार माणसं. पूर्वी तिथे नुसता कलकलाट असे. जो उठेल तो "हा शेअर घ्या, उडणार" म्हणून मोकळा. लेकीने नियम घातला. शेअर सुचवायचा तर कारण लिहायचं, आणि काय घडलं तर आपण चुकलो म्हणू, तेही आधीच लिहायचं. नाहीतर पोस्ट काढली जाईल.

तिच्या नकळत बापही गटात शिरला होता, 'जुना गडी' या नावाने. लेक काय लिहिते ते वाचावं, एवढाच हेतू. पण एकदा कोटाचं माप देता देता एका गिऱ्हाइकाने कानाशी एका कंपनीचं नाव सांगितलं आणि शिंप्याला राहवेना. त्याने ते गटात टाकलं. पाच मिनिटांत पोस्ट गायब. खाली लेकीचा निरोप: "काका, राग मानू नका. कारण लिहा, लगेच परत लावते."

सख्ख्या बापाला काका. तो फणफणत कारण लिहायला बसला. "गिऱ्हाईक म्हणालं" याच्यापुढे अक्षर सुचेना. कंपनी काय बनवते हेही त्याला ठाऊक नव्हतं. मापाशिवाय कापडाला कात्री लावू नये, हे जन्मभर जगाला सांगणारा माणूस स्वतःशीच ओशाळला.

त्याच आठवड्यात गटात गिल्ला झाला. ही बाई लोकांची तोंडं दाबते, हिला काढा. शनिवारी मतदान ठरलं. लेकीने जेवताना ते घरी सांगितलं. आई म्हणाली, सोड तो नसता उद्योग. लेक हळू आवाजात म्हणाली की लोकांनी काढलं तर जाईन, नियम मात्र सैल करणार नाही.

शनिवारी सकाळी 'जुना गडी'ने तिच्या बाजूने चार ओळी लिहिल्या आणि पाठवता पाठवता थांबला. परका बनून लेकीची तरफदारी करायची, म्हणजे खोटंच की. त्याने सगळं पुसलं, नव्याने लिहिलं.

"मी हिचा बाप. माझं मत मोजू नका. मी कोण हे माहीत नसताना हिने माझी पोस्ट काढली. कारण लिहायला बसलो तेव्हा कळलं, माझ्याकडे कारणच नव्हतं. ते शेअर मी घेतले नाहीत. कुणाचं असं झालं असेल तर सांगा."

आधी दोघांनी सांगितलं. मग रीघच लागली. एकाने तर 'हिला काढा' म्हणणारा पहिला मीच, असं लिहून आपली चूक मांडली. लेक थोडक्या मतांनी राहिली, पण राहिली.

संध्याकाळी ती दुकानात आली, मशीनशेजारी स्टुलावर बसली.

"बाबा, तो तुम्ही आहात हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पोस्ट ठेवली असतीस?"

"काढलीच असती." मग जरा हसून, "काका तेवढं म्हटलं नसतं."

इतक्यात एक नवखं गिऱ्हाईक दारात आलं. त्याने काही विचारायच्या आत शिंपी ताठ उभा राहून म्हणाला, "ही माझी मुलगी. हिने मला गप्प केलं होतं."