बुडबुड्याची स्लाइड

विभागात मेंदूच्या स्लाइड्स पेशींवरून ओळखायची पद्धत नव्हती. कोपऱ्यात ओरखडा असला तर दृष्टीचा भाग, कडेला बुडबुडा असला तर हालचालींचा. हे ज्ञान वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जाई. इथेच शिकणाऱ्या धाकट्या नणंदेला ते घरातच, वहिनीकडून मिळालं होतं. तरी मागच्या वर्षी ओरखडा आणि बुडबुडा यांत गल्लत करून ती नापास झाली. आता पुन्हा गचकली तर कॉलेज सुटणार होतं. म्हणून या खेपेला तिने नाइलाजाने अभ्यास केला.

वहिनी आता त्याच विभागात व्याख्याती होती. परीक्षेसाठी प्रमुख बाईंनी मायक्रोस्कोपवर स्लाइड्स लावल्या आणि तपासणीसाठी बरोबर उत्तरं लिहून काढायला तिला सांगितलं. वहिनीने रांगेतून एक चक्कर मारली. वाकायची तसदी घेतली नाही.

धाकटीने बुडबुड्याच्या स्लाइडमध्ये डोकावलं. कॉर्टेक्सचे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या सालीचे, सहाही थर दिसत होते. हालचालींचा भाग असता तर पाचव्या थरात भल्यामोठ्या पिरॅमिड पेशी पृष्ठभागाकडे टोक करून बसलेल्या दिसल्या असत्या. एकही नव्हती. उलट चौथ्या थरात, स्पर्शाच्या भागात असते तशी, बारक्या पेशींची खच्चून गर्दी. तिने छातीवर दगड ठेवून ‘स्पर्शाचा भाग’ लिहिलं.

वहिनीने फुली मारली. एक उत्तर चुकलं की नापास, असा नियम होता; त्या एका फुलीने धाकटी नापास.

“वहिनी, ती फुली खोड.”

“अगं, एवढा मोठा बुडबुडा दिसला नाही तुला? डोळे घरी ठेवून आलीस?”

“मी पेशी बघितल्या.”

“तुला कुणी सांगितलं होतं पेशी बघायला?”

“मी,” दारातून प्रमुख बाई म्हणाल्या. “स्लाइड नवी आहे. बुडबुडा मीच सोडलाय. नेमक्या जागी येईपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. मुलं फसतील हे ठाऊक होतं. तुम्ही फसाल असं वाटलं नव्हतं.”

वहिनी मायक्रोस्कोपवर वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग तिने फुली खोडली. धाकटी पास झाली आणि बुडबुड्यावर विसंबलेले वर्गातले बाकी सगळे नापास.

“त्यांची परीक्षा उद्या पुन्हा,” बाई म्हणाल्या. “एक खुर्ची जास्त मांडा. तुमच्यासाठी.”

जिन्यात वहिनीने धाकटीचा दंड धरला. “दादाला यातलं काही सांगायचं नाही.”

“नाही सांगत. संध्याकाळी सहाही थर शिकवते तुला. भांडी मात्र तू घासायचीस.”