बिबीजानचं घर

रेश्मा औटी निवृत्त झाली तेव्हा तिच्या पायांचं काय करायचं, हा प्रश्नच होता. तेहतीस वर्षं ती आरोग्यसेविका होती. लसीचा डबा खांद्याला लावून पारनेर तालुक्यातल्या वाड्यावस्त्या तिनं पायी पालथ्या घातल्या होत्या. नगरला सावेडीत घर बांधून राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला घरात बसवत नाही."

कल्याणराव पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मग बाहेर बस."

ती बाहेर बसली नाही, चालायला लागली. आणि चालायला तिला स्नेहल मिळाली.

स्नेहल चित्रकलेची शिक्षिका. शाळेतल्या एका लसीकरणाच्या वेळी दोघींची ओळख झाली होती, ती पुढं घट्ट मैत्री होऊन बसली. स्नेहल बोलायला लागली की एसटीचा कंडक्टरसुद्धा तिकिटं द्यायची विसरून उभा राहायचा. रेश्माचं उलटं. नोकरीत ती माणसांशी बोलली ते "ताप आला तर ही गोळी द्या" एवढंच. त्यापलीकडं कुणाच्या ओट्यावर बसून चार गोष्टी विचारायच्या म्हटलं की तिची जीभ जड व्हायची.

दोघींनी जुने रस्ते धरले. आजचे चौपदरी रस्ते व्हायच्या आधी बैलगाड्या, घोडी, लमाणांचे तांडे ज्या वाटांनी गेले, त्या वाटा अजून जिल्हाभर कुठं बांधाला, कुठं ओढ्याच्या काठाला पडून आहेत. नगरहून राहुरीवरून कोपरगावपर्यंतची जुनी वाट त्यांनी दीड वर्षात, एकेका रविवारी थोडी थोडी करत संपवली. पारनेरहून राळेगणसिद्धीकडं जाणाऱ्या आडवाटा पालथ्या घातल्या. नियम एकच होता. मागच्या रविवारी जिथं थांबलो तिथूनच पुढं निघायचं आणि मधे कुठंही गाडीत बसायचं नाही. गावोगाव लोक विचारायचे, "बाई, गाडी चुकली का?" स्नेहल हसून सांगायची, "गाडी चुकवलीय."

कामाची वाटणी आपोआप झाली होती. रेश्मा पुढं चालायची, पावलं मोजायची, दगडी मोरी, मैलाचा दगड, बुजलेली विहीर, सगळं टिपून घ्यायची. स्नेहल मागं रेंगाळायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी गप्पा छाटायची. संध्याकाळी परतीच्या एसटीत ती त्या गप्पा सांगायची आणि रेश्मा घरी जाऊन त्या लिहायची. चार वर्षांत अशा सात वह्या भरल्या होत्या.

आठवी वही संभाजीनगरकडं जाणाऱ्या जुन्या वाटेची. भाद्रपदातल्या एका रविवारी इमामपूरच्या घाटातली जुनी उतरण उतरताना मुरमावरून रेश्माचा पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर, वर महिनाभर आराम. दवाखान्यातून घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. हाड दुखतं म्हणून नव्हे. आता दिवाळीनंतर लोक उसाच्या गाड्या भरतील, थंडी पडेल, वाटा कोरड्या होतील आणि आपण इथं खाटेवर, म्हणून.

"तू थांबू नकोस," ती स्नेहलला म्हणाली. "तू चाल. आणि मला येऊन सांग."

स्नेहलनं तिच्या प्लास्टरकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं."

त्यापुढचे सात रविवार रेश्मा जगली ती संध्याकाळच्या वाटेवर डोळे लावून. सहाच्या सुमाराला स्नेहल यायची. चपला धुळीनं माखलेल्या, पदराला कुसळं. बसायची, पाणी प्यायची आणि सांगायला लागायची. पांढरीच्या पुलापलीकडं एका मोरीच्या दगडावर कुणीतरी पोपट कोरलाय. घोडेगावच्या अलीकडं वडांची एक रांग अजून उभी आहे, अकरा वड. आणि घोडेगाव सोडलं की जुन्या वाटेच्या वळणावर एकच घर आहे, बिबीजानचं.

बिबीजान ऐंशीची. तिच्या सासऱ्यानं वाटेवरच्या बैलांसाठी दारात दगडी कुंड बांधलं होतं. आता बैल येत नाहीत, तरी ती रोज सकाळी ते भरते. चिमण्या पितात, म्हणते. स्नेहल तिच्याकडं तीन रविवार गेली. दुसऱ्या वेळी बिबीजाननं विचारलं, "तुझी ती पाय मोडलेली मैत्रीण कशी हाय गं?" आणि तिसऱ्या वेळी तिनं करंजाच्या तेलाची बाटली दिली, घोट्याला चोळायला.

रेश्मानं आयुष्यभर असल्या तेलांना नाकं मुरडली होती. पण प्लास्टर निघाल्यावर ती रोज सकाळी उन्हात बसून ते तेल घोट्याला चोळायची, आणि चोळताना न पाहिलेल्या त्या म्हातारीशी मनातल्या मनात बोलायची. तिच्याशी बोलताना तिची जीभ जड व्हायची नाही. बिबीजानवर तिनं वहीत सहा पानं लिहिली. वाचनालयाच्या शनिवारच्या बैठकीत कुबड्यांवर जाऊन ती वाचूनही दाखवली. ऐकताना दोन बायकांनी डोळे पुसले.

जानेवारीत डॉक्टरांनी लांब चालायला परवानगी दिली. रेश्मानं कुणाला सांगितलं नाही. एका मंगळवारी पिशवीत इरकली लुगडं आणि पेढ्यांचा पुडा घेऊन ती घोडेगावला एसटीतून उतरली आणि जुन्या वाटेला लागली. घोटा कुरकुरत होता, पण मन लहान पोरीसारखं पुढं पळत होतं.

अर्धा तास चालल्यावर वाट संपली.

समोर कालवा होता. मुळा धरणाचा, चांगला रुंद, काठोकाठ वाहणारा. जुनी वाट त्याच्या भरावाला येऊन टेकत होती आणि पलीकडं उसात नाहीशी होत होती. रेश्मा बघत राहिली. सात रविवारांत स्नेहलनं कालव्याचा एकदाही उल्लेख केला नव्हता. वाट सरळ जाते, असंच ती म्हणाली होती.

भरावाशेजारी पत्र्याचं घर होतं. दारात एक साठीचे गृहस्थ पंपाची मोटर उघडून बसले होते. रेश्मानं धीर करून विचारलं, "बिबीजान कुठं राहतात इथं?"

"कोन बिबीजान?"

"म्हाताऱ्या आहेत. दारात दगडी कुंड आहे."

त्यांनी हात पुसले. नाव त्यांचं नूरमहंमद. "बाई, माझा जन्म हितला. ह्या वाटंला आमचंच एक घर हाय. बिबीजान नावाचं कुनी न्हाई, नव्हतंबी. कुंडबिंड काय न्हाई."

"दिवाळीच्या आगेमागे एक बाई येत होत्या. चष्मा, केस कापलेले. चालत."

"चालत?" ते हसले, पण तिचा चेहरा बघून थांबले. "हितनं चालत कोन येनार? पूल तिकडं मैलभर लांब हाय. कालवा झाल्यापास्नं ही वाट मेलीच. तुमी बसा. लई थकलेल्या दिसता."

त्यांच्या सुनेनं चहा आणला. रेश्मानं तो घेतला. परत जाताना ती मुद्दाम घोडेगाव ओलांडून नगरच्या बाजूला वड मोजायला गेली. अकरा नव्हते. एकही नव्हता, रस्त्याच्या रुंदीकरणात सगळे गेले होते, आणि बुंध्यांच्या जागी झुडपं उगवली होती.

ती घरी आली तेव्हा कल्याणराव जेवून उठले होते. तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि झालं ते सांगितलं. तिला वाटलं होतं, ते चकित होतील. ते चकित झाले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले.

"तू तिला फार बोलू नकोस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मला माहीत होतं."

रेश्मा उभीच राहिली.

"दुसऱ्या रविवारी मी कापडबाजारात गेलो होतो. भर दुपारी ती तिथं दुकानात साड्या बघत होती. संध्याकाळी इथं येऊन पोपट कोरलेल्या मोरीचं सांगायला लागली. मी आत होतो, ऐकत होतो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू हसत होतीस, रेश्मा. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसलीस. मी कसं बोलणार होतो?"

"तेल कुठलं होतं?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ते मीच आणून दिलं होतं तिला. डॉक्टर म्हणाले होते, हलक्या हातानं मालिश करा. माझ्या हातचं तू लावलं नसतंस."

रेश्माला रडू आलं नाही. दोघांनी मिळून आपल्याला एखाद्या आजारी पोरीसारखं खेळवलं, आणि आपण खेळलो. तीन महिने ज्या म्हातारीला आपण मनातलं सगळं सांगत होतो, तिच्या जागी कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्नेहलच्या घरी गेली. स्नेहलनं दार उघडलं आणि रेश्माच्या हातातली आठवी वही बघितली. तिनं ओळखलं.

"घोडेगावला गेलीस?"

"कालवा आहे तिथं."

"ये ना आत."

"नाही. इथंच सांग. सातातला एक तरी रविवार चाललीस का तू?"

"पहिला. पांढरीच्या पुलापर्यंत गेले. एकटीनं चालताना इतका कंटाळा आला, की तासाभरात एसटीला हात केला." स्नेहल चौकटीला टेकली. "तुझ्याकडं आले तर तू डोळे लावून बसलेली. काय सांगू तुला? एसटीनं आले म्हणून?"

"हो. तेच सांगायचं."

"मला जमलं नाही. मग एक सांगितलं, त्यावर दुसरं सांगावं लागलं. चपलांना धूळ लावून यायचे गं. अंगणातली." ती हसायला गेली आणि तोंड वाकडं झालं. "खरं सांगू? मला चालायला आवडतच नाही. कधीच आवडलं नाही. मला तुझ्याबरोबर यायला आवडायचं. संध्याकाळी मी बोलत असायचे आणि तू ऐकायचीस ते आवडायचं. माझं इतकं कुणी ऐकत नाही."

हे ऐकून रेश्मा विरघळली असती. पण तिच्या मनात भलतंच काहीतरी वर आलं.

"आधीच्या सात वह्या?" तिनं विचारलं. "राहुरीची ती रथाच्या चाकाची गोष्ट? कोपरगावच्या नावाड्याची? मी पुढं असायचे. तू मागं असायचीस."

स्नेहल चौकटीचा रंग नखानं खरवडू लागली. तेवढ्यानंच उत्तर मिळालं.

"बरीचशी खरी आहेत," ती शेवटी म्हणाली.

"कुठली?"

"आता मला तरी कुठं आठवतंय, रेश्मा."

रेश्मा जिना उतरली. मागून दोनदा हाक आली. ती थांबली नाही.

त्या आठवड्यात ती रोज वह्या उघडून बसायची. मोरीची लांबी चौदा पावलं, हे खरं. ते तिनं मोजलं होतं. मैलाचा दगड, आकडा झिजलेला, खरं. त्याखालचा माणसांचा मजकूर मात्र पानामागून पान तिच्याकडं बघत राहायचा, आणि त्यातलं कोण हाडामांसाचं आणि कोण स्नेहलचं, हे तिला कळायला मार्ग नव्हता. पेन्सिल घेऊन तिनं खुणा करायला सुरुवात केली आणि सोडून दिली. कल्याणराव चहा ठेवून जायचे. ती घ्यायची. बोलायची नाही.

शनिवारी ती वाचनालयात गेली आणि बैठकीत उभी राहून म्हणाली, "मी मागं वाचलेली बिबीजान खोटी आहे. अशी बाई नाही. मला कुणीतरी सांगितलं, मी पडताळलं नाही. चूक माझी." डोळे पुसणाऱ्या दोघींपैकी एक चिडून म्हणाली, "मग आम्हाला कशाला सांगता आता?" तिचंही बरोबरच होतं, असं रेश्माला वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी ती माळीवाड्याच्या स्टँडवर आली तर स्नेहल तिथं उभी होती. पायात नवे बूट, पाठीला पिशवी. रेश्मा खिडकीशी बसली. स्नेहल दोन बाकं सोडून मागं बसली. घोडेगावला दोघी उतरल्या. रेश्मा कालव्याच्या भरावावरून पुलाच्या दिशेनं चालू लागली, मागून बुटांचा आवाज येत राहिला, शंभर पावलांवरून, न वाढता न घटता. एकदा "रेश्मा, घोटा दुखतोय का?" असं ऐकू आलं. तिनं उत्तर दिलं नाही. वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. पूल आला तेव्हा मागं आवाज नव्हता. स्नेहल बसली की परतली, हे बघायला ती वळली नाही. मान वळू नये म्हणून तिला पुलाचा कठडा घट्ट धरावा लागला, इतकंच.

पूल ओलांडल्यावर एका वस्तीवर एक बाई कांद्याची रोपं लावत होती. तिनं वर बघितलं.

"कुनीकडं निघाला, बाई?"

रेश्मा नेहमीसारखी मान हलवून पुढं जाणार होती. पण मागं बोलायला आता कुणी नव्हतं. ती बांधावर बसली, पाण्याची बाटली बाजूला ठेवली आणि म्हणाली, "जुनी वाट शोधतेय. तुम्ही इथल्याच का? नाव काय तुमचं?"

"बनुबाई."

रेश्मानं वही उघडली. "वय?"

"आता ते कुठं मोजलंय," बनुबाई म्हणाली आणि हातातलं रोप खाली लावून तिच्याकडं सरकली.

रेश्मानं लिहिलं: बनुबाई. वय ठाऊक नाही. मी स्वतः बोलले.