परकोटातली चिंचखिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. पण मित्रांनो, मला गज नाहीत, पडदा नाही. आमच्या अमरावतीत गावाभोवतीच्या दगडी परकोटाला मोठ्या वेशी होत्या, तशी पायी माणसांसाठी लहान दारंही होती. त्या दारांनाच आम्ही खिडकी म्हणतो. कधीकाळी माझ्याजवळ चिंचेचं झाड होतं, म्हणून मी चिंचखिडकी.

पेंढाऱ्यांच्या भीतीनं पाथरवटांनी मला घडवलं. कापसाच्या गाड्या वेशीतून येत. माझ्यातून भाजीवाल्या, पाणी भरणाऱ्या बाया, शाळेला निघालेली पोरं जात. सूर्य मावळला की माझी फळी लागे आणि बाहेरचा बाहेरच राही. लोक माझ्या भक्कमपणाचं कौतुक करत, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व होता.

पुढे पेंढारी गेले, फळीही गेली. कचेऱ्या, विद्यापीठ, शिकवण्या सगळं बाहेर वाढलं. पूर्वी शहर माझ्या आत होतं, आता मीच शहराच्या आत आहे. माझ्यावर शिकवण्यांच्या जाहिराती चिकटल्या, अंगावर पिंपळ उगवला. कुणी वर पाहीनासं झालं.

माझ्या आतल्या बाजूला रुख्मिणी राहते, बाहेरच्या वस्तीत मैना. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. यंदा रुख्मिणीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा दूर नोकरीला, म्हणून डोळ्यांत औषध टाकायला मैना दिवसातून चारदा माझ्यातून येऊ लागली. गुडघे दुखत, तरी येई.

अशात माझ्या कमानीचा एक दगड खाली आला. सुदैवानं कुणाला लागला नाही. पण दुसऱ्याच दिवशी भगवंत मिस्त्री विटा घेऊन हजर झाला.

"काहून बुजवून रायला रे?" मैनानं विचारलं.

"साहेबाचा हुकूम हाय, माय. खिडकी बंद करा म्हणते."

"मंग मी रुख्मिणीच्या डोयात औषध कुठून जाऊन टाकू? वेशीकून फिरून जाले हे गुडघे पुरते का माह्ये?"

ती माझ्या उंबऱ्याच्या एका टोकाला ठाण मांडून बसली. मिस्त्रीनं थापी खाली ठेवली आणि साहेबाला फोन लावला. माझा जीव टांगणीला लागला होता. मला पडायची भीती नव्हती, बुजायची होती.

पालिकेचे शेखरसाहेब पुण्याहून नुकतेच बदलून आलेले. ते येऊन बरोबर माझ्यात उभे राहिले आणि इकडेतिकडे पाहू लागले.

"आजी, एक खिडकी बंद झाल्यानं तुमचं काय अडतंय? आणि ती आहे तरी कुठे?"

"तुमी खिडकीतच उभे आहा, साहेब," भगवंत म्हणाला.

मागून एका पोरीनं स्कुटीचा भोंगा वाजवला. साहेब बाजूला सरले. ती गेली, तिच्यामागे दूधवाला गेला, दोन शाळकरी पोरं गेली. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"ही खिडकी?" ते म्हणाले. "मला वाटलं, भिंतीतला झरोका असेल." मग त्यांनी कमान नीट पाहिली. "विटा काढा. आधी टेका द्या. दगड पुन्हा बसवू."

मैना उठली आणि औषधाला उशीर झाला म्हणून पुटपुटत आत गेली.

महिन्याभरानं दगड बसला. रुख्मिणीचे डोळेही बरे झाले. एका सकाळी ती काळा चष्मा लावून, हातात झुणक्याचा डबा घेऊन माझ्यातून बाहेर पडली. इतक्या वर्षांत मैनाच आत येत होती. आत राहणाऱ्यांनी त्या वस्तीत जाऊन बसायची रीतच नव्हती.

मैना समोर तिच्या घराच्या दारातच होती. "आली का बाई शेवटी!"

"वाट त होतीच," रुख्मिणी म्हणाली. "मीच नोती येत."

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. सैल झालेला दगड तेवढा बसवत राहा, आणि दोन्हीकडून येत-जात राहा.