गाडीच्या मानेतला छर्रा

मी एक जुना छर्रा आहे. घाबरू नका मित्रांनो, बंदुकीतला नव्हे! मी मोटारसायकलच्या मानेतला छर्रा. हँडलच्या खाली, जिथे गाडीची मान वळते, तिथे पोलादी वाट्या बसवलेल्या असतात. त्या वाट्यांत आम्ही वाटाण्याएवढे भाऊ गोल करून बसायचो. हँडल फिरलं की आम्हीही फिरायचो.

माझा जन्म कारखान्यातला. तापवून, दाबून, घासून मला इतकं गुळगुळीत केलं होतं, की तपासणाऱ्या बाईंना माझ्या अंगात आपला चेहरा दिसला आणि त्यांनी चटकन केस सारखे केले. अंधारात जाण्याआधीची ती माझी शेवटची आठवण. मग मऊ, पिवळ्या वंगणात बुडवून मला मानेत बसवलं आणि अंधार झाला.

गंमत बघा, जन्मभर मी रस्त्यावर धावलो आणि रस्ता मात्र कधी पाहिला नाही. मला तो अंगाने कळायचा. खडी आली की थंडीत दात वाजावेत तसे आम्ही वाजायचो. पूल आला की खालून दबका घुमारा यायचा. पुलानंतर डावं वळण, मग लांबच लांब उतार. उतारावर इंजिन हळू गुणगुणायला लागायचं आणि वाटायचं, मी तरंगतोय. मी मनातल्या मनात रस्त्याचं चित्र काढलं होतं. त्यात तो निळा होता. का, ते मला विचारू नका.

आमचे मालक चष्मे विकत गावोगाव फिरायचे. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. गाडीवर त्यांचा फार जीव. रोज सकाळी टाकी पुसायचे, दिवा पुसायचे, आरसा पुसायचे. मानेत डोकावणं मात्र त्यांना कधी सुचलं नाही. जगाला नीट दिसावं म्हणून झटणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार!

वंगण हळूहळू वाळलं. मग प्रत्येक खड्ड्याला आम्ही वाटीवर आदळायला लागलो. आदळून आदळून वाटीत आमच्या मापाचे खळगे पडले. हँडल सरळ आलं की आम्ही सगळे एकदम आपापल्या खळग्यात बसायचो. टक्!

लोखंडातून आवाज छान ऐकू येतो. चष्मेवाल्यांची मुलगी पुढे टाकीवर बसायची. ते तिला सांगायचे, "ऐकलंस? टक् झालं. आता ही सरळ घरी जाणार. हिला वाट पाठ आहे." लेक टाळ्या वाजवायची. आम्ही अंधारात फुशारून जायचो. कौतुक कोणाला नको असतं?

वर्षं गेली. एके दिवशी टाकी पुसणारा तो हात थांबला, आणि नंतर गाडी चालवायला वेगळे हात आले. हलके, पण ठाम. चष्मेवाले गेले होते आणि गाडी लेकीकडे आली होती. ती आता नर्स झाली होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायची, इंजेक्शनं द्यायची. सारी वस्ती तिला ताई म्हणायची. रोज निघताना ती हँडल सरळ करायची. टक् झालं, की हळूच म्हणायची, "हो बाबा." ते दोन शब्द ऐकायला मी दिवसभर वाट पाहायचो.

आणि मग एका सकाळी पुलापुढच्या वळणावर ताईने हँडल वळवलं, पण ते वळेना. आम्ही खळग्यांत रुतून बसलो होतो. तिने जोर लावला, तसं हँडल हिसका देऊन सुटलं आणि गाडी कठड्याला घासत गेली. ताई थोडक्यात वाचली! फक्त गुडघा सोलवटला. घरी येऊन तिने चकार शब्द काढला नाही. पण तिचा धाकटा भाऊ घराशेजारीच लेथ मशीनवर लोखंड कातायचा, लोखंडातला माणूस. हँडलची खरचटलेली मूठ बघून तो काय ते समजला.

"ताई, मान गेलीय गाडीची. त्या वाट्या आणि छर्रे काढून टेपर बेअरिंग घालू."

"नको. तो टक् बाबांचा आहे."

"मग चावी दे इकडे! बाबा गेले. आता तूही गेलीस तर मी काय करू?"

ताई चावी टेबलावर ठेवून पायीच निघाली. काही दिवस अशीच पायपीट केली. मग एका संध्याकाळी परतताना थेट लेथपाशी गेली आणि म्हणाली, "वस्तीतल्या एका आजींची पट्टी बदलायला आज अंधार झाला. त्या कण्हत दारात बसल्या होत्या. काढ ते छर्रे."

चाक निघालं, हँडल बाजूला झालं, मोठा नट सुटला आणि मान खाली सरकली. आमचं तर छप्परच उडालं! केवढा तो उजेड! आम्ही पावट्याच्या दाण्यांसारखे परातीत पडलो. मी मात्र उसळून थेट कपाटाखाली गेलो. तिथून मला सारं दिसत होतं.

ताईने वाटी पुसली आणि आतून बोट फिरवलं. बोट अडखळलं.

"हे काय रे?"

"हाच तुझा टक्."

"म्हणजे गाडी वाट सांगत नव्हती?"

"नाही गं. ग्रीस मागत होती."

ताईचे डोळे भरून आले. आम्ही इतकी वर्षं ज्याचा तोरा मिरवला, ते दुखणं निघालं!

नवी बेअरिंगं आली. त्यांच्यात छर्रे नव्हते, तिरके बसवलेले छोटे रूळ होते. आम्ही टिंबाएवढ्या जागेवर टेकायचो, ते लांबीभर टेकतात, म्हणून भार वाटला जातो. बेअरिंगची नवी कडी थंडीने आकसावी आणि सहज बसावी म्हणून भावाने ती फ्रिजमध्ये ठेवली. भावाची बायको कडाडली, "दुधाशेजारी लोखंड? उद्या नट तळायला माझी कढई मागाल!" खूप दिवसांनी ताई खळखळून हसली.

भावाने भरपूर वंगण भरलं, सारं जोडलं आणि वरचा नट पान्याने आवळला. पुन्हा आवळला. त्या पुलाची धास्ती त्याच्या मनगटात होती. ताईने हँडल हलवून पाहिलं. जडशीळ! तिने हळूच त्याच्या हातातला पाना घेतला.

"इतकं धरून ठेवलंस तर मी वळू कशी?"

भावाने पाना परत मागून घेतला. मग त्याने नट थोडा सैल केला. ताईने पुढचं चाक उचलून धरायला लावलं आणि हँडलला बोट लावलं. ते झोपेत कूस बदलावी तसं सावकाश एका बाजूला वळलं. कुठेही अडलं नाही. टक् झालं नाही. दोघंही त्या नसलेल्या आवाजाकडे कान लावून उभे होते.

माझे भाऊ भंगारात गेले. मी झाडताना ताईला सापडलो. "अरे, तू इथे होय!" म्हणत तिने मला बाटलीच्या झाकणात ठेवून खिडकीत बसवलं, चष्मेवाल्यांच्या जुन्या चष्म्याशेजारी. इथून पूल दिसतो, वळण दिसतं, उतार दिसतो. आणि मित्रांनो, संध्याकाळच्या सावलीत रस्ता खरंच निळा दिसतो!

तुमच्याकडे सायकल असेल, शिलाई मशीन असेल, दाराची करकरणारी बिजागरी असेल. वरून पुसून थांबू नका. कधीतरी आतही बघा, थोडं वंगण घाला. आणि सगळं पुन्हा जोडताना फार आवळू नका. एवढंच या म्हाताऱ्याचं मागणं.

ती बघा, ताई निघाली. तिने गाडी अंगणात घेतली, हँडल सरळ केलं आणि क्षणभर थांबली. मीही श्वास रोखला. मग तिने स्वतःच जिभेने आवाज काढला, "टक्!"

"हो बाबा," ती म्हणाली आणि पुलाकडे निघाली.