क्लॅरिनेटच्या रांगेतली सातवी

ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी, सामन्याच्या मध्यंतरात, मी बँडच्या मुलांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानाच्या कडेला गेले आणि मला दिसलं की माझ्या मुलीच्या क्लॅरिनेटला पत्तीच नाही.

दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण त्या पत्त्या मीच आणल्या होत्या, ऑगस्टमध्ये, दहांचं खोकं. वेताची बोटभर पातळ पत्ती तोंडाकडच्या टोकाला बांधली नाही, तर क्लॅरिनेट म्हणजे नुसती काळी नळी. फुंकर आत जाते, बाहेर फुंकरच येते. टेसा जीव लावून गाल फुगवत होती. बोटं पळत होती. पावलं तर आखून टाकावीत तशी पडत होती. मागे ढोल वाजवणारी निम्मी पोरं फुटबॉलच्या पोशाखातच होती. आमची शाळा एवढीशी, मध्यंतर झालं की तीच मुलं हेल्मेट काढतात आणि ढोल गळ्यात घालतात. पण तीसुद्धा वाजवत होती. सात क्लॅरिनेटमध्ये सहा वाजत होती आणि सातवी, माझी, वाजवल्याचं नाटक करत होती.

"केल्सी, अगं चिली खाली लागतेय!" खाण्याच्या स्टॉलवर माझ्याबरोबर काम करणारी गेल तिथून ओरडली. "पोरीकडे बघून पोट भरत नाही लोकांचं!"

मी परत जाऊन चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तो तिखट रस्सा, ढवळली. आमच्याकडे तिच्या जोडीला खातात ते दालचिनीचे गोड रोल कागदात गुंडाळून देत राहिले. कुणाला चिलीशिवाय रोल दिला, कुणाला नुसती चिली. लोक कुरकुरले.

गाडीत बसल्यावर विचारलं, "पत्ती कुठाय?"

"कोरिनकडे." कोरिन म्हणजे क्लॅरिनेटची म्होरकी, बारावीतली. "सुरू व्हायच्या आधी ती घेते. झालं की परत देते. डबीत ठेवते नीट, हरवत नाही."

जसं काही मला हरवायचीच काळजी होती.

"कधीपासून?"

"दुसऱ्या सामन्यापासून. माझं मध्येच किंचाळतं ना."

"आणि तू मुकाट्याने देतेस?"

"आई, माझी पावलं सगळ्यात चांगली आहेत. सगळ्या रांगेत. कोरिन म्हणाली, आम्हाला तुझे पाय हवेत." टेसा खरंच हसत होती. चौदा वर्षांची, टोपीने कपाळावर लाल वळ उठलेला. "तू कुणाला काही बोलू नकोस हं. पुढच्या शनिवारी लिंकनला राज्य स्पर्धा आहे. मला जायचंय. मला एवढंच हवंय."

मी हो म्हणाले. म्हणताना माहीत होतं की मी खोटं बोलतेय.

कारण मी ऐकलं होतं ना. रोज संध्याकाळी धुण्याच्या खोलीचं दार लावून ती सराव करायची आणि मी ड्रायर बंद करून बाहेर उभी राहायची. गोल, भरलेला सूर. वरच्या सुरावर जाण्याआधी किंचित विराम, श्वास धरल्यासारखा. किंचाळणं कधी ऐकलं नाही. ही मुलगी झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तिला झोळीत घेऊन रसायनशास्त्राची व्याख्यानं ऐकली, ती कुठल्या रडण्याने भुकेली आणि कुठल्या रडण्याने ओली, हे शेवटच्या बाकावरून ओळखायला शिकले. मला तिचा आवाज कुणी शिकवायचा?

सोमवारी मी प्रुइट सरांना भेटले. बँडचे मास्तर. लाजतील असं वाटलं होतं, तर ते सँडविच खात राहिले.

"सगळे बँड करतात हे, मिसेस कोलार."

"माझ्या मुलीला तुम्ही खांबासारखी उभी करता."

"खांब चालत नाही. ती फार सुंदर चालते." त्यांनी ओठ पुसले. "परीक्षक वर बसतात. सातवी जागा रिकामी राहिली तर रांग दात पडल्यासारखी दिसते. आणि ती वाजली, तर ऐकू येते. मग मी काय करावं?"

"सुनावणी घ्या. कोरिनसमोर."

आमच्या शाळेत तशी रीत आहे. ज्याच्या निर्णयाबद्दल तक्रार, त्याने आणि तक्रार करणाऱ्याने एकापाठोपाठ एक वाजवायचं. बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून ऐकायचं आणि जे जास्त चांगलं वाटेल त्याला हात वर करायचा. कोण वाजवतंय ते कळत नाही, म्हणून कुणी म्हणू शकत नाही की तोंड बघून मत दिलं.

सरांनी खणातून एक कागद काढला. "ही ओळ वाचा. सुनावणी मागणारा हरला, तर हंगाम संपेपर्यंत मैदानाबाहेर. दोन वर्षांपूर्वी आयांनी इतका उच्छाद मांडला, की हे लिहावं लागलं. टेसाला विचारलंत?"

"तिची सही लागते?"

"नाही. पालकाची पुरते."

मी सही केली.

घरी सांगितल्यावर टेसा रडली नाही. फक्त म्हणाली, "रद्द कर."

"तू घाबरतेस उगाच. कोरिनपेक्षा कमी नाहीस तू. मी रोज ऐकते."

तिने क्लॅरिनेटची पेटी उचलली. "तू ऐकतेस," एवढंच म्हणाली. मला वाटलं तिला धीर आला.

बुधवारी शाळा सुटल्यावर बँडच्या खोलीत पाच मुली भिंतीकडे तोंड करून खुर्च्यांवर बसल्या. भिंतीपलीकडे रोबोटिक्सची खोली होती. काहीतरी घरघरत होतं, थांबत होतं, पुन्हा घरघरत होतं. मी दारापाशी उभी राहिले.

"सर, मिसेस कोलारनाही मत देऊ द्या ना," कोरिन गोड आवाजात म्हणाली. "नाहीतर नंतर म्हणतील आम्ही आधीच ठरवलं होतं."

"बसायचंय?" सरांनी विचारलं.

"बसते की."

"आई, नको," टेसा म्हणाली.

मी सहावी खुर्ची घेतली आणि डोळे मिटले. मागे दोघींनी कोण आधी ते खुणेने ठरवलं.

पहिलीचा श्वास तिसऱ्या ओळीत तुटला. मग वरचा सूर आला तो दाराची बिजागरी करकरावी तसा. माझ्या शेजारच्या मुलीने नाकातून हसू दाबलं. मला बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू. म्होरकी म्हणे. मनात म्हटलं, बघा आता तुमची कोरिन.

मग दुसरी. पहिल्याच सुराला मी ओळखलं. तोच. गोल, भरलेला. आणि वर जाण्याआधी तो विराम, श्वास धरल्यासारखा. धुण्याच्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून पाठ केलेला. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पहिली?" सरांनी विचारलं. कुणाचं कापडही सळसळलं नाही.

"दुसरी?"

माझा हात सगळ्यात आधी वर गेला. कोपर ताठ. कुणी सांगायच्या आत मी डोळे उघडले. पाचही हात वर होते. आपण जिंकलो. मी हसत मागे वळले.

कोरिन ओठांवरून क्लॅरिनेट खाली घेत होती. टेसाचं केव्हाच खाली होतं. ती माझ्या हाताकडे बघत होती. तो अजून वरच होता.

"एकमत," सर म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहिलं.

गाडीत बसल्यावर टेसा म्हणाली, "तू घरी ऐकायचीस ते रेकॉर्डिंग होतं. कोरिनचं. सरावाला सगळ्यांना दिलंय. मी त्याच्याबरोबर वाजवायचे. हळू."

"मला वाटलं ती तू आहेस."

"माहितीये."

"टेसा, खरंच मला..."

"त्या पाचजणींचं मला काही नाही. त्या कोरिनसाठी हात वर करणारच होत्या." ती खिडकीबाहेर कापलेल्या मक्याकडे बघत होती. "मला वाटलं, निदान तुझा हात माझ्यासाठी वर येईल. मी एवढं घाण वाजवलं आई, की ते वाजवणारी मीच, हे तुला कळायला हवं होतं."

गुरुवारी प्रुइट सरांना सातवी हवी होती. स्पर्धेला दोन दिवस. त्यांनी भिंतीपलीकडून नोएमीला उचललं. तिने जन्मात वाद्य धरलं नव्हतं. रोबोच्या हाताचे स्क्रू पिळायची. पण टेसाचा पोशाख तिला बसला, बाहीसकट. पत्ती काढून ठेवायचीही गरज नव्हती, कुणी लावूनच दिली नाही. आणि त्या जागेची सगळी पावलं एकाच मुलीला पाठ होती, म्हणून शिकवायचं काम टेसाला दिलं.

शुक्रवारी दुपारी मी टेसाला न्यायला गेले तेव्हा शाळेमागच्या वाहनतळावर, सरावासाठी आखलेल्या पांढऱ्या रेघांवर, सगळी रांग उभी होती. मी गाडीतूनच बघत राहिले. टेसा नोएमीचे खांदे धरून तिच्या मागे चालत होती आणि मोठ्याने मोजत होती.

"आठ पावलं. सात नाही गं, आठ! आणि मान खाली नको."

"आमचा रोबो माझ्यापेक्षा सरळ चालतो," नोएमी धापा टाकत म्हणाली.

"त्याला टोपी बसली असती तर त्यालाच घेतलं असतं," कोरिन म्हणाली. "आणि त्याला आईही नाहीये."

सगळ्या हसल्या. टेसाही हसली. मी काचेआडून तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, नेहमी बघते तसं. ते हसू खरं आहे की नाही, मला सांगता येईना.

वारा सुटला होता आणि ती एकटीच कोटाशिवाय होती. मी तिचा कोट घेऊन उतरले, रेघा ओलांडून तिच्यापर्यंत गेले. "घाल हा. आणि चल आता, झालं की."

"अजून दोन वेळा करायचंय." तिने कोट घेतला नाही. "आई, जरा बाजूला हो ना."

"अगं, पण थंडी..."

"तू नोएमीच्या जागेवर उभी आहेस."

मी खाली बघितलं. माझ्या बुटाखाली खडूने फुली मारलेली होती. मी कोट घेऊन मागे सरकले. टेसाने नोएमीला धरून तिथे उभं केलं, तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.