बिरोबानं जिरवलेले खडे

दुष्काळाच्या त्या वर्षी टँकरचं पाणी पिऊन माझ्या भाच्याला, आदिनाथला, टायफॉइड झाला. माझा भाऊ कडुबा त्याला करमाडहून शहरात घेऊन आला. जालना रोडला शेतं जाऊन दवाखाने उगवले होते, त्यातल्याच एकात ठेवलं. इंजेक्शनांनी ताप उतरला, पण पोटात कळा सुरू झाल्या. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, पिशवीच काढावी लागेल.

आमचे वडील, आप्पा, हटून बसले. "आधी बिरोबाला बोकड. त्याआधी लेकराला सुरी लावायची नाय." घरातली जुनी रीत. मी शहरात शिवणकाम करते, चार लोकांत उठते-बसते, म्हणून भांडून पाहिलं. पण आप्पांपुढे कुणाची डाळ शिजत नाही. इंजेक्शनांचा कोर्स संपलाच होता, पोराला घरी नेलं आणि बिरोबाला बोकड कापला.

महिन्याभरात कळा थांबल्या. पुन्हा सोनोग्राफी केली, तर पिशवी साफ. डॉक्टर हसून म्हणाले, "देवाची कृपा समजा." मग काय, गावभर तेच. बिरोबानं खडे जिरवले.

पुढच्या वर्षी आदिनाथच्या धाकट्या बहिणीच्या, शीलाच्या, पोटात दुखायला लागलं. त्याच डॉक्टरांनी सांगितलं, अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन करा.

"मागल्या टायमाला बी असंच म्हनले व्हते," आप्पा म्हणाले आणि पोरीला उचलून देवाला निघाले. मी फोनवर रडले, शिव्या दिल्या. कडुबा एवढंच म्हणाला, "अक्का, आदिनाथ चांगला झाला ना?"

परत दवाखान्यात आणली तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटभर विष पसरलं होतं. शीला गेली.

डॉक्टर आमच्यावरच उखडले. "किती हा अडाणीपणा! मुलाचे ते खरे खडे नव्हतेच. टायफॉइडच्या त्या इंजेक्शनाचा साका बसतो लहान मुलांच्या पिशवीत. औषध थांबलं की आपोआप जातो."

"हे तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या सोनोग्राफीच्या वेळी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

त्यांनी आजूबाजूला बसलेल्या पेशंटांकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मुलगा बरा झाला होता. सांगून काय फायदा होता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आप्पा भिंतीला टेकून बसले होते.

"म्हंजी बिरोबानं नव्हतं केलं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही आप्पा."

त्यांनी पागोट्याचं टोक तोंडात कोंबलं.