दोन मिलिमीटरवरचा व्हॉल्व्ह

"दोन दिवसांत होईल," असं मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, तेव्हा समोर बसलेले माझे सासरे नुसते खोकले. त्यांना खोकला झालेला नव्हता.

मी पाणीपुरवठा खात्याचा संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे एक खोली, एक सर्व्हर आणि मी. तिघांपैकी कामाचा फक्त सर्व्हर, असं माझी बायको म्हणते. सासरे त्याच खात्यात व्हॉल्व्हमन. चौतीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी टाकून त्यांनी रस्ते तुडवलेत. कुठली झाकणं उचलायची, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे त्यांना तोंडपाठ. सगळं खातं त्यांना अण्णा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही.

अण्णा दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि मुख्य अभियंता मॅडमची झोप उडाली होती. जुने कागदी नकाशे ओलीने एकमेकांना चिकटले होते. एका सर्व्हेवाल्याने त्यांच्यावरून चारशे बारा व्हॉल्व्हचे अक्षांश-रेखांश काढून दिले होते, पण ती यादी नुसतीच पडून होती. आमच्या डेटाबेसला नावं कळत, तारखा कळत, आकडे कळत; 'कुठे' म्हणजे काय ते कळत नसे. ते कळायचं तर त्याला पोस्टजीआयएस नावाची जोडणी बसवावी लागते. मग एखाद्या जागेवर बोट ठेवून विचारायचं, इथून सगळ्यात जवळचा व्हॉल्व्ह कोणता, की तो अंतरासकट सांगतो.

"एका कमांडचं काम आहे, मॅडम," मी म्हणालो. "लिनक्सवर हे सगळं आयतं मिळतं. दोन दिवस म्हणजे फारच झाले."

खोटं नव्हतं ते. इंटरनेट असेल तर एका कमांडचंच काम. पण आमच्या सर्व्हरला बाहेरचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही, असा खात्यात नियम आहे. हा नियम तीन वर्षांपूर्वी मीच केला. सही माझीच आहे.

आता एकच मार्ग उरला. आपल्या मशीनवर सगळं बांधायचं, त्याचं एक पॅकेज करायचं आणि पेन ड्राइव्हवरून सर्व्हरवर नेऊन सोडायचं. मी बाह्या सरसावल्या. कळलं ते असं की ही जोडणी एकटी कुठे जात नाही. तिला भूमितीची एक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, लागते, पृथ्वी सपाट करून दाखवणारी दुसरी लागते, त्या दुसरीला तिसरी लागते, आणि तिसरी म्हणते चौथीशिवाय मी उंबरठा ओलांडणार नाही. नवरदेव एक आणि वऱ्हाड मारुतीच्या शेपटाएवढं. एकेकाला गोळा करता करता आठवडा गेला.

त्या आठवड्यात मी एक काम मात्र वेळेत केलं. पॅकेजसोबत एक छोटी फाइल असते, त्यात हे पॅकेज कोण सांभाळतो त्याचं नाव आणि पॅकेजचं थोडक्यात वर्णन लिहायचं असतं. मी माझं नाव वडिलांच्या नावासकट लिहिलं आणि वर्णन सात ओळींचं केलं. शेवटच्या ओळीत 'अथक परिश्रम' हे शब्द होते. पॅकेज तोवर एकदाही चाललेलं नव्हतं.

आठव्या दिवशी ते सर्व्हरवर बसलं. एकही चूक आली नाही. मी खुर्चीत मागे रेललो आणि डेटाबेसला जोडणी सुरू करायला सांगितली. त्याने उत्तर दिलं की अशी कुठली फाइल मला सापडत नाही. मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा तेच. दोन तास मी त्याच्याशी सासू-सुनेसारखा भांडलो. मग दिसलं की माझ्या मशीनवरचा डेटाबेस पंधराव्या आवृत्तीचा आणि सर्व्हरवरचा तेराव्या. मी सगळं सामान पंधरा नंबरच्या घरात नीट लावून आलो होतो आणि मालक राहत होता तेरा नंबरात.

पुन्हा बांधलं. दहाव्या दिवशी जोडणी सुरू झाली, तरी व्हॉल्व्हच्या यादीला काही तिचा पत्ता नव्हता. कारण एका सर्व्हरवर चार डेटाबेस होते आणि मी ती भलत्याच, रिकाम्या डेटाबेसात सुरू केली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही. आत्ता पहिल्यांदाच सांगतोय.

अकराव्या दिवशी सकाळी मॅडमच्या खोलीत प्रात्यक्षिक ठेवलं. अण्णाही होते, चावी दाराला टेकवून उभे. मी भिंतीवर नकाशा दाखवला. चारशे बारा निळे ठिपके. अण्णा जवळ गेले आणि खिशातून चष्मा काढून बघत राहिले.

"छान दिसतंय," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो. छाती फुगली.

तेवढ्यात फोन आला. बेकरीसमोर मोठी लाइन फुटली होती, पाणी दुकानांत शिरत होतं. अण्णा चावी उचलून निघालेच.

"थांबा अण्णा," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "विचारा तुमच्या डेटाबेसला."

मी बेकरीसमोर बोट ठेवलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं, "व्हॉल्व्ह नंबर दोनशे सतरा. अंतर शून्य पॉइंट शून्य शून्य दोन एक."

"शून्य पॉइंट शून्य शून्य दोन काय?" मॅडमनी विचारलं.

"मीटर," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. पण अंतर म्हटल्यावर मीटरच असणार ना!

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे दोन मिलिमीटर?"

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, "व्हॉल्व्ह अगदीच जवळ आहे, मॅडम."

आम्ही तिघं बेकरीसमोर पोचलो, तेव्हा रस्त्याच्या मधोमध पुरुषभर उंच कारंजं उडत होतं. बेकरीवाला पावांचा ट्रे डोक्यावर धरून पायरीवर उभा होता. अण्णांनी फुटल्या जागेच्या कडेला उभं राहून आधी उजवा पाय उचलला, खाली बघितलं. मग डावा उचलला.

"माझ्या बुटाखाली तर नाही ना, जावईबापू?"

बेकरीवाला एवढा हसला की दोन पाव पाण्यात पडले. मी लॅपटॉप पोटाशी धरून म्हणालो, "अंतराचं सोडा. दोनशे सतरा तर खरा आहे ना? तो बंद करू."

"दोनशे सतरा पलीकडच्या गल्लीत," अण्णा म्हणाले. "ती लाइनच वेगळी. तो बंद करून इथं काही होणार नाही."

"पण सगळ्यात जवळचा तोच आहे, अण्णा. मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन कशाला खोटं बोलेल? ते बोलतंय तुमच्याच तोंडून."

मॅडम मधे पडल्या नाहीत. त्यांना बघायचं होतं बहुतेक. अण्णांनी खांदे उडवले, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्हीच करा." मी भिजलेल्या बुटांनी पलीकडच्या गल्लीत गेलो, झाकण उचललं, अठरा आटे फिरवले. हातांना फोड आले. परत आलो तर कारंजं तसंच, उलट जरा जोमात. माझ्या मागोमाग एक माणूस पळत आला. हातात रबरी मोजे, कपाळावर दिवा. पलीकडच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर.

"पाणी कोणी बंद केलं?" तो ओरडला. "माझा पेशंट तोंडात पावडर घेऊन बसलाय! चूळ कशाने भरायची त्याने?"

अण्णांनी हसू दाबून माझ्याकडे बोट दाखवलं. बेकरीवाल्याने डॉक्टरला पाण्याची बाटली दिली. मी पुन्हा पळत जाऊन अठरा आटे उलटे फिरवले.

मी परत येईस्तोवर अण्णा कोपऱ्यावरच्या फुलवालीच्या दुकानापाशी पोचले होते. भिंतीपासून त्यांनी सात पावलं मोजली, "ताई, जरा कुंड्या हलवता का?" म्हणाले, आणि सहा कुंड्यांखालचं झाकण उचललं. तेवीस आटे. कारंजं कमरेपर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, मग नुसतं बुडबुडत राहिलं.

"हा नकाशावर का नाही?" मॅडमनी विचारलं.

"कसा असेल? एकोणीस वर्षांपूर्वी अशीच लाइन फुटली होती, तेव्हा घाईघाईत मी आणि एका गवंड्याने बसवला. कागदावर घ्यायचं राहून गेलं."

"असे आणखी किती आहेत?"

अण्णांनी मान खाजवली. "असतील पाच-पन्नास."

माझी पँट मांडीपर्यंत ओली होती आणि मला पहिल्यांदा जाणवलं की अकरा दिवस मी ज्या यादीसाठी वऱ्हाड जमवत होतो, ती यादीच अर्धवट होती.

संध्याकाळी बायकोने मला गुळण्या करण्याची नक्कल करून दाखवली. म्हणजे बातमी आधीच पोचली होती. ती शाळेत सहावीला भूगोल शिकवते. हसून झाल्यावर तिने विचारलं, "पण तो आकडा नक्की किती होता?"

"शून्य पॉइंट शून्य शून्य दोन एक."

"आणि जागा कशात भरल्यास? अक्षांश-रेखांशात?"

"हो."

"मग उत्तर अंशांतच येणार की रे! एक अंश म्हणजे साधारण एकशे अकरा किलोमीटर. कर गुणाकार. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा सांगतील."

गुणाकार केला. दोनशे तेहतीस मीटर. पलीकडची गल्ली बरोबर तेवढीच लांब. सर्व्हरने चोख उत्तर दिलं होतं. अंश की मीटर, हे त्याला सांगणारा एक शब्द मी लिहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो लिहिला. त्याला चार सेकंद लागले.

मग मॅडमनी हुकूम काढला की मी आणि अण्णांनी मिळून सगळं शहर चालून काढायचं. माझ्या हातात जागा मोजायचं यंत्र, त्यांच्या खांद्यावर चावी. सकाळी सातला निघायचो. पहिल्या आठवड्यात माझे पाय इतके सुजले की अण्णा मला पायरीवर बसवून स्वतः यंत्र धरायचे. "बटण कुठलं?" एवढंच विचारायचे. डेटाबेसात शेऱ्यासाठी एक रकाना होता, तो ते तोंडी सांगत आणि मी जसाच्या तसा टाइप करी. 'झाकण जड, दोन माणसं हवीत.' 'उलटा फिरतो, जोर करू नये.' 'इथल्या आजी पाणी विचारतात, बसायचं नाही, तासभर जातो.' चालता चालता ते बोलायचे. एकदा म्हणाले, "मला वाटायचं तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून पगार घेता."

"आणि आता?"

"आताही तेच वाटतं. पण खुर्चीत कंटाळा येत असेल, हे कळलं."

साठ व्हॉल्व्ह आम्ही अण्णांच्या डोक्यातून काढून नकाशावर ठेवले. एकसष्टावा सापडला नाही. जुन्या छापखान्यासमोरची फरसबंदी नवी होती. अण्णांनी छापखान्याच्या दारापासून पावलं मोजली, पहारीने ठोकून पाहिलं. पुन्हा मोजली. दाराच्या दुसऱ्या कडेपासून मोजली. अर्धा तास ठकठक चालली होती, पण पोकळ आवाज कुठेच येईना. मग ते छापखान्याच्या पायरीवर बसले आणि आपल्याच बुटांकडे बघत राहिले.

"इथंच होता," ते म्हणाले. "बहुतेक."

'बहुतेक' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझा हातखंडा शब्द तो. एरवी मी काहीतरी विनोद केला असता. त्या दिवशी मी नुसता शेजारी बसलो आणि त्यांनी दाखवलं तिथे ठिपका ठेवला. शेऱ्यात काय लिहू, विचारलं. ते म्हणाले, "लिहा, खात्री नाही." मी लिहिलं.

महिनाअखेर अण्णा निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक मुलगी आली, तिच्याकडे चावी आणि मोबाइल दोन्ही. ती रस्त्यावरून सर्व्हरला विचारते आणि उत्तर मीटरमध्ये मिळतं. मधल्या काळात ड्रेनेज खात्याने माझं पॅकेज मागून नेलं. त्यांच्याकडून तीन दिवसांनी चिठ्ठी आली: 'पॅकेज चालते. वर्णनाच्या सात ओळी काढल्या आहेत.'

गेल्या गुरुवारी छापखान्यासमोर केबलवाल्यांनी खणलं. त्या मुलीचा फोन आला, की फरसबंदीखाली लोखंडी झाकण लागलंय, या. मी यंत्र घेऊन गेलो, मोजलं. अण्णांनी दाखवल्या जागेपासून दीड मीटर. ठिपका सरकवला, शेरा पुसला आणि तिथून तडक सासुरवाडीला गेलो.

अण्णा खिडकीपाशी पेपर वाचत होते. मी सांगितलं. त्यांनी पेपरची नीट चौघडी केली.

"कुठल्या बाजूला दीड मीटर?"

"छापखान्याच्या दाराकडे."

"दार सरकवलं त्यांनी," ते स्वतःशीच म्हणाले. "दुरुस्तीत दार सरकवलं. मी दारापासून मोजत होतो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "चहा ठेवलाय दोघांचा." पण अण्णा उठून बूट घालत होते. "खड्डा अजून उघडा आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणेपर्यंत ते जिना उतरायला लागले होते.